आपाची खोली

एल सेरेनो, लॉस एंजेलिस
१३ मार्च २०२२

प्रिय मिलो,

फोनवर तू "बरं आहे, बरं आहे" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. आमाने आपल्या दोन्ही लेकरांना पत्रांची सवय लावली ती याचसाठी असावी. कागदावर तरी तुला मध्येच उठून जाता येत नाही.

सोकोरोवहिनीला जाऊन वर्ष झालं. ती होती तोवर मी कधी बोलले नाही, आता बोलते: घरी ये. लास क्रूसेसच्या त्या उन्हात, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात एकट्याने राहायचं तुझं वय आहे का? तू शहात्तरचा, मी सत्तरची. माझं लग्न झालं नाही, तुला मूलबाळ नाही. एकमेकांना म्हणून आपण दोघंच उरलो आहोत आणि मध्ये साडेसातशे मैल.

तू माझ्यावर भार होणार नाहीस. आता कायदा बदललाय, परसात दुसरं छोटं घर बांधायला महापालिका परवानगी देते. पाहुण्यांचं घर म्हणतात त्याला. आमच्या गल्लीतच तीन उभी राहिली. एक खोली, स्वयंपाकाचा छोटा ओटा, न्हाणीघर, तुझं स्वतःचं दार. मी बांधून घेते. पण रीतसर, नकाशा मंजूर करून, प्रत्येक टप्प्यावर इन्स्पेक्टरची सही घेऊन. आपाने परसात खोली बांधली तसं शनिवार-रविवारी, साहेब लोक सुट्टीवर असताना गुपचूप नाही.

तुला काय काय हवं ते लिही.

तुझी,
लोडी


लास क्रूसेस
२ एप्रिल

लोडी,

अक्षर मोठं दिसतंय म्हणून हसू नकोस. पेन जाड आहे.

शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं शिक्के मारलेस, तरी हौस फिटली नाही वाटतं. नवं घर कशाला? आपाची खोली आहे ना परसात. खाट टाक, गादी बदल, झालं. मी सोळा वर्षांचा होतो, एकोणीस शनिवार-रविवार आपासोबत सिमेंट कालवलंय मी त्या खोलीसाठी. सगळ्या मोहल्ल्याच्या खोल्या तशाच उभ्या राहिल्या, कुणाची पडली सांग. दार एका पाडलेल्या शाळेचं, तीन खिडक्या तीन घरांच्या. आपा म्हणायचा, ही खोली शहरातल्या निम्म्या वस्त्या फिरून आलीय.

दार अजून खाली घासतं का? घराच्या मागच्या ओट्यावरून उतरलं की अकरा पावलं, मग दोन पायऱ्या, डाव्या हाताला नळ. बरोबर ना?

येईन मी, लोडी. आधी म्हणणार होतो की बघू, पण येईन. मला ती खोलीच दे.

मिलो


एल सेरेनो
२१ जून

प्रिय मिलो,

"येईन" हा शब्द मी शेजारच्या ओफेलियाला कुंपणावरून वाचून दाखवला. ती म्हणाली, तुझ्या भावाला तू तीस वर्षांत पहिल्यांदा जिंकलंस. आता दर रविवारी प्रार्थनेहून आल्यावर विचारते, कधी येतोय?

आज नकाशा घेऊन महापालिकेत गेले. परसात जे जे आहे ते सगळं दाखवावं लागतं: घर, भिंती, झाड, अंतरं. मी टेप लावून इंचाइंचाने मोजलं होतं. काउंटरवरची मुलगी मला नात असती तर तिच्या वयाची असेल, पण फार नीट बोलली. म्हणाली, इतका स्वच्छ नकाशा वास्तुविशारदही आणत नाहीत. मग तिने आपाच्या खोलीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही कसली इमारत? मी म्हटलं, आमच्या वडिलांची खोली. तिने बराच वेळ यंत्रात शोधलं. आमच्याकडे हिची नोंदच नाही, म्हणाली.

साठ वर्षं उभी आहे आणि नोंद नाही. मला तिथे बसल्या बसल्या घाम फुटला, जणू मीच चोरून सिमेंट कालवलं होतं. आता त्यावर काहीतरी मार्ग काढावा लागेल. तू काळजी करू नकोस. नव्या घराला खिडक्या कुठे हव्यात ते कळव.

लोडी


लास क्रूसेस
५ जुलै

अगं शहाणे,

तुला दाखवायला कुणी सांगितलं होतं? शनिवार-रविवारचं बांधकाम नकाशात काढतात का? आपल्या अख्ख्या मोहल्ल्यात एवढी मोठी चूक तुझ्याशिवाय कुणी केली नसती. दुसरा कुणी असता तर तिथे झाड काढून मोकळा झाला असता. अजून वेळ गेली नसेल तर सांग त्यांना, कोंबड्यांची आहे.

चेष्टा जाऊ दे. लोडी, नीट वाच. नवं घर बांध, नको बांधू, तुझी मर्जी. पण त्या खोलीला हात लावू नकोस. खिडक्या कुठेही ठेव, मला काही फरक पडत नाही. मला दुसरं काही नको.

मिलो


एल सेरेनो
९ ऑक्टोबर

प्रिय मिलो,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावला असशील. उभी राहायला फुरसत नव्हती. परवाना मिळाला! पायाचं काँक्रीट ओतायच्या आधी इन्स्पेक्टर आला, सळ्या मोजल्या, वाकून वाकून पाहिलं आणि सही केली. तीच सही मी फ्रेम करून लावणार होते, पण कार्ड बांधकामाच्या जागी टांगून ठेवावं लागतं.

कंत्राटदार सांगतो की म्हातारपणासाठी कुठेही पायरी ठेवू नका. म्हणून जमीन अंगणाशी सपाट, उंबरठासुद्धा नाही. न्हाणीघरातही चढउतार नाही. बसायच्या बाजूला तीन मोठ्या खिडक्या, तिन्ही एकसारख्या, लोकाटाच्या झाडाकडे तोंड केलेल्या. सकाळी कॉफी घेताना पाखरं दिसतील तुला. तू फरक पडत नाही म्हणालास, पण तुझी भीड मला माहीत आहे. तुला लहानपणापासून काही मागताच येत नाही.

इकडे सगळं ठीक. थंडीत खोकला सांभाळ.

लोडी


लास क्रूसेस
११ डिसेंबर

प्रिय लोडी,

हे अक्षर माझं नाही. मनगट मुरगळलंय, म्हणून शेजारच्या निएवेसबाई लिहून देताहेत. चांगल्या बाई आहेत, मी सांगतो त्याच्या निम्मंच लिहितात.

घराचं वाचून बरं वाटलं. तू खोलीबद्दल काही लिहिलं नाहीस. त्यांच्या नोंदीचं काय झालं? नव्या घरात पाहुणे ठेव, मी मागे आपाच्या खोलीत असेन. दोन पायऱ्यांना कठडा लावायचा असेल तर लाव, पण पायऱ्या तोडू नकोस. पायऱ्यांजवळचा नळ आहे ना अजून? हे दोन्ही प्रश्न आहेत, लोडी. उत्तरं दे.

मिलो


एल सेरेनो
१५ फेब्रुवारी २०२३

प्रिय मिलो,

काल शेवटची तपासणी झाली. पास. राहायला परवानगी असल्याचा कागद हातात पडला तेव्हा मी त्या इन्स्पेक्टरला जबरदस्तीने मक्याचं गरम आतोले प्यायला लावलं. नव्या घराला वेगळा क्रमांकसुद्धा मिळाला: आपला ३४१८, तर तुझा ३४१८ आणि अर्धा. आता तुझी पत्रं थेट तुझ्या नावावर येतील. गादी आणली, पडदे शिवले, भांडी लावली. ईस्टरला ये. मी बसचं तिकीट पाठवते.

आता राहिलेलं. तुझं मागचं पत्र माझ्या उशाखाली दोन महिने आहे. खोली राहिली नाही, मिलो. ऑगस्टमध्येच गेली. महापालिकेला ती चालत नव्हती, छत बुटकं, मागची भिंत थेट हद्दीवर. ती असती तर परवाना अडला असता. दोन माणसांनी दीड दिवसात उतरवली. नवं घर थोडंफार तिथेच उभं आहे. तुला कळवायचं धैर्य होत नव्हतं. म्हटलं, आधी नवं दाखवावं, मग त्याला जुन्याचं वाईट वाटणार नाही.

तू येऊन बघ तरी. इतकं उजेडाचं घर आपल्यात कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

लोडी


लास क्रूसेस
१५ फेब्रुवारी २०२३

प्रिय लोडी,

मनगटाला काही झालेलं नाही. निएवेसबाई म्हणतात, खरं सांगणार नसाल तर मी पुढे लिहिणार नाही. तर खरं सांगतो.

माझे डोळे गेले. साखरेने खाल्ले. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा भिंगातून वाचत होतो, उन्हाळ्यापर्यंत कडेचं थोडं दिसायचं. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तू धावत येशील आणि मला लहान मुलासारखं हाताला धरून नेशील, म्हणून बोललो नाही. मला स्वतःच्या पायांनी घरी यायचं होतं.

त्या खोलीचा हट्ट का, ते आता कळेल तुला. बेकरीतल्या कामाची सहा वर्षं मी त्या खोलीत झोपायचो, पहाटे घरी यायचो. आपाची झोप मोडली तर तो दिवसभर धुमसायचा, म्हणून कधी दिवा लावला नाही. अकरा पावलं, दोन पायऱ्या, डाव्या हाताला नळ, खाली घासणारं दार, मग खाटेचा कोपरा. सहा वर्षं मी तिथे आंधळाच होतो, लोडी. जगात तेवढी एकच जागा आहे जिथे मला डोळे लागणार नाहीत. तिथे मी स्वतःचं पाणी घेईन, स्वतः आंघोळ करीन. तुला माझं काही करावं लागणार नाही.

तुझ्या तीन खिडक्यांबद्दल वाईट वाटलं. तू एवढ्या हौसेने लिहिलं होतंस.

मिलो


लास क्रूसेस
२६ फेब्रुवारी

एलोदियाबाईंना निएवेस मोरालेसचा नमस्कार.

आपली ओळख नाही, तरी लिहिते. तुमचं पत्र आणि त्यांचं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेलं. तुमचं मी त्यांना वाचून दाखवलं. "खोली राहिली नाही" हे वाक्य त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, कुत्र्याला खायला घालायची वेळ झाली. कुत्रा मागच्या वर्षी मेला, बाई.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, तिकीट पाठवायला सांगा, ती वाट बघत असेल. मी त्यांना बसमध्ये बसवून देईन. तुम्ही तिकडे अगदी दाराशी उभ्या राहा. आणि ते पडले-बिडले तर लगेच उचलायला जाऊ नका. त्यांना आवडत नाही.

निएवेस


एल सेरेनो
२३ एप्रिल

मिलो,

तुला बसमध्ये बसवून आठवडा झाला. कपाळावरची जखम भरली का? मलम दिवसातून दोनदा लाव.

तू चार दिवस होतास आणि चारही दिवस "छान आहे" म्हणत होतास. मी विचारलं पाखरांचा आवाज येतो का, तर हो म्हणालास. पण मी स्वयंपाकघरातून बघत होते. ओट्यावरून उतरलास की तुझी पावलं आपोआप जुन्या वाटेला लागायची. अकरा मोजून तू पाय उचलायचास, पायरी चढायला. तिथे पायरी नाही. शनिवारी तसाच पुढे गेलास आणि भिंतीचा कोपरा कपाळात बसला. आत सगळं सपाट, सगळ्या भिंती एकसारख्या गुळगुळीत. तू गमतीने म्हणालास, पायाला उंबरठा लागत नाही, तर मी घरात आलो कधी तेच कळत नाही. मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

मी तुला एक खोटं सांगितलंय. ते सांगितल्याशिवाय मला झोप नाही.

खोली महापालिकेने पाडायला लावली नाही. त्या मुलीने मला दोन रस्ते सांगितले होते. छत वीतभर उंच करा, मागची भिंत हातभर आत घ्या, आणि खोली नोंदवून घ्या. नाहीतर पाडा. पहिल्याला चार-पाच महिने जास्त लागले असते, एवढंच. ती म्हणालीसुद्धा, वडिलांची आहे तर ठेवा ना. मी माझ्या पेनाने "पाडणे" पुढे खूण केली. तुझं जुलैचं पत्र नंतर आलं, तेव्हाही खूण बदलता आली असती. मी दोनदा गाडीत बसले आणि दोनदा घरात परत आले. मला ती खोली नको होती, मिलो. लहानपणापासून नको होती.

मी चौदा वर्षांची असताना माझ्या वर्गशिक्षिका घरी आल्या होत्या, मला शिष्यवृत्तीला बसवायचं म्हणून. परसात बघून त्यांनी विचारलं, तिकडे कोंबड्या पाळता का? मी हो म्हटलं. माझा भाऊ राहतो तिथे, हे माझ्या तोंडून निघालं नाही. तेव्हापासून ती खोली दिसली की मला ते "हो" आठवायचं. वाटलं, ती गेली की तेही जाईल.

तू जगात एक गोष्ट मागितलीस, आणि चार पत्रांत मागितलीस. मी त्याला भीड समजले, कारण तसं समजणं माझ्या सोयीचं होतं.

मी दारापुढची फरशी तोडून दोन पायऱ्या बांधून घेते. नळ तिथे बसवते. दार खाली घासेल असं करून घेते. इन्स्पेक्टरला काय म्हणायचं ते म्हणू दे. ये परत.

लोडी


लास क्रूसेस
१४ मे

प्रिय लोडी,

जखम भरली. निएवेसबाई म्हणतात, आता रुबाबदार दिसतो.

कोंबड्यांचं मला माहीत होतं. रात्रपाळी करून मी आत खाटेवर पडलो होतो आणि खिडकी उघडी होती. तुझ्या बाईंनी विचारलं, तू हो म्हणालीस, आणि मला एवढं हसू आलं की मी कोंबड्यासारखा आरवणारच होतो. मग म्हटलं, नको, पोरीची शिष्यवृत्ती जायची. आपाला कधी सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नाही, कारण तू त्यानंतर महिनाभर माझे कपडे इस्त्री करून देत होतीस, आणि ते मला सोयीचं होतं.

वाईट अजिबात वाटलं नाही असं म्हणणार नाही. थोडं वाटलं. पण तू चौदा वर्षांची होतीस. खूण केलीस तेव्हा सत्तरची होतीस, त्याचं जास्त वाटलं. हे लिहू की नको असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं लिहा, आमच्यात आता उगाच झाकपाक नको.

पायऱ्या बांधू नकोस. आपाने चुकून उंच-ठेंगण्या केल्या होत्या, तशा कुणाला मुद्दाम जमणार नाहीत. आणि मी येणार नाही, लोडी. रागावून नाही. इथे चर्चच्या मागे वृद्धांचं घर आहे, जूनमध्ये मी तिकडे जातोय. निएवेसबाईंना त्यांची मुलगी नेणार आहे, त्यामुळे ट्रेलरमध्ये एकट्याने निभणार नाही. जागा बघून आलो. दारातून सात पावलं, मग खुर्ची. तू म्हणशील, नवी जागा शिकायचीच तर माझ्याकडे शीक. मीही तोच विचार केला. पण तुझ्या परसात माझे पाय आपाची खोली शोधत राहतात. थांबवलं तरी थांबत नाहीत. इथे ते काही शोधत नाहीत, म्हणून शिकतात.

तुला भेटायला मला फार आवडेल. तू ये. चार दिवस घरी होतो तेव्हा सगळ्यात बरं वाटलं ते स्वयंपाकघरात तू शेंगा निवडत होतीस आणि बडबडत होतीस तेव्हा. त्याला काही बांधावं लागत नाही.

पत्रं लिहीत जा. तिथे गुरुवारी एक बाई वाचून दाखवायला येतात.

मिलो


एल सेरेनो
१८ जून

प्रिय मिलो,

हे गुरुवारच्या बाई वाचत असतील तर त्यांना माझा नमस्कार. जरा सावकाश वाचा म्हणावं, माझा भाऊ शब्द चुकला की मुद्दाम खोकतो.

सप्टेंबरात येते. ऊन उतरलं की. तोवर मिरच्या भाजायचे दिवस येतील, तुझ्या नव्या ठिकाणी त्या मिळतात का ते विचारून ठेव.

घर तसंच आहे. ओफेलियाच्या पुतण्याचा मित्र भाड्याने मागत होता, मी नाही म्हटलं, मग परत हो म्हटलं. पुढच्या महिन्यात येईल. तो, त्याची बायको आणि एक लहान मुलगी.

तुला सांगितलं नव्हतं, पण खोली महापालिकेने पाडायला लावली हे मी सगळ्यांनाच सांगितलं होतं. ओफेलियाला, आपल्या फादरना, कंत्राटदाराला. सगळे हळहळायचे आणि महापालिकेला शिव्या द्यायचे, आणि मला बरं वाटायचं. तू येऊन गेल्यावरही ओफेलिया दर रविवारी विचारायची, कायमचा कधी येतोय? मी म्हणायचे, उन्हाळा सरला की.

आज प्रार्थनेहून आले तर ती कुंपणापलीकडे भाजीसाठी निवडुंगाच्या पानांचे काटे काढत बसली होती. तिने विचारलं, कधी येतोय? मी म्हटलं, नाही येणार. ती म्हणाली, असं कसं, त्याच्यासाठी तर एवढं घर बांधलंस. मी म्हटलं, त्याला आपाची खोली हवी होती. ती म्हणाली, हो गं, पण ती या लोकांनी पाडली ना.

मी म्हटलं, नाही ओफेलिया. मी पाडली.

मग तिने मला कुंपणाच्या फटीतून दुसरी सुरी दिली, आणि आम्ही दोघी बसून ती बादली संपवली.

तुझी,
लोडी